एक जूनची कार्डे

एम.ए.च्या वर्गात मी पहिल्यांदा पाऊल टाकले तेव्हा मला पस्तिसावे वर्ष लागले होते. पुढच्या बाकावरचे दोघे मला प्राध्यापक समजून उठून उभे राहिले. त्यांची चूक त्यांच्या लक्षात येईपर्यंत मीही दारातच उभा होतो, कारण आत जाऊन बसावे की परत फिरावे हे मला ठरवता येईना. नंतर वर्गाने मला 'काका' म्हणायला सुरुवात केली. त्यात टिंगल फार नव्हती, पण जी थोडी होती ती मला पुरेशी होती.

आमचे घर शहाद्याकडचे, तापीकाठच्या गुजरांचे. कापूस आणि केळी यांपलीकडे घरात दुसरा विषय नसे. मी सातवीची फायनल परीक्षा देऊन प्राथमिक शिक्षक झालो, एकोणीसशे पन्नासनंतरची दोन वर्षे नवापूरच्या डोंगरात काढली, मग हायस्कुलात आलो. नोकरी सांभाळून धुळ्याला परीक्षेपुरता जाऊन गणित विषय घेऊन बी.ए. झालो, आणि सगळे बरोबरीचे लोक मुलामुलींच्या लग्नाच्या गोष्टी बोलू लागले त्या वयात दोन वर्षांची रजा काढून पुण्याला शिकायला गेलो. का गेलो, हे मला तेव्हाही नीट सांगता आले नसते. शिकलेल्या माणसांत बसलो की आपल्याला काहीतरी कमी शिकवले गेले आहे असे मला वाटत राही, एवढेच.

त्या वर्षी अभ्यासक्रमात एक नवा पेपर आला होता. गणकयंत्राला काम कसे सांगायचे, माहिती कशी मांडून ठेवायची आणि कशी शोधायची, हा त्याचा विषय. शिकवणारे सर परदेशातून नुकतेच परतले होते. यंत्र मात्र विद्यापीठात अजून यायचे होते. "ते येईल तेव्हा येईल, तोवर तुम्हीच यंत्र व्हा," असे म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या हातांत कोऱ्या कार्डांचे गठ्ठे दिले.

आम्ही यंत्र झालो. कार्डांवर आकडे लिहून ती टेबलावर ओळीने पालथी मांडायची, एका वेळी दोनच उलटायची, लहानमोठे पाहायचे, अदलाबदल करायची आणि पुढे जायचे. आधी उलटलेला आकडा लक्षात राहिला तरी तो ठाऊक नाही असे समजायचे. रांगेत जो आधी आला तो आधी सुटतो, आणि ढीग रचला तर सर्वांत शेवटी ठेवलेले सर्वांत आधी हाती येते, हे सर फळ्यावर चौकटी काढून समजावीत, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरातली मडक्यांची उतरंड उभी राही. तळाच्या मडक्यातली बाजरी काढायची तर वरची सगळी मडकी उतरवावी लागत. हे वर्गात सांगावे असे मला फार वाटले. हात अर्धा वर गेलाही होता, पण उतरंड हा शब्द या खोलीत उच्चारण्यासारखा आहे की नाही अशी शंका आली आणि त्या हाताने मी टोपी सारखी केली.

तरीही तो विषय मला जितका आवडला तितका दुसरा कुठलाच आवडला नाही. यंत्राला अंदाज करता येत नाही, अर्धवट सांगितलेले समजून घेता येत नाही, त्याला एकेक पायरी सांगावी लागते. माझ्या मंद बुद्धीला इतका अनुकूल विषय मला आजवर भेटला नव्हता. शंभर नोंदींतून एक शोधायची तर ओळ आधी क्रमाने लावा, मग मधली नोंद पाहा, हवी ती अलीकडे की पलीकडे ते ठरवा, निम्मी ओळ सोडून द्या, उरलेल्या निम्मीची पुन्हा मधली पाहा. सात वेळा पाहिले की काम झाले. पहिल्यांदा हे स्वतः करून पाहिले तेव्हा सातव्या कार्डाला माझे बोट थांबले आणि मला खरोखर गहिवरून आले. आयुष्यात इतकी वर्षे आपण सगळे ढीग उगाच उपसत बसलो असे वाटले.

दिवाळीच्या सुटीसाठी सरांनी काम दिले. आपापल्या गावाकडची खरी यादी घ्यायची, पाऊणशेहून कमी नोंदी नकोत. शिकवलेल्या रीतींपैकी एक निवडून ती क्रमाने लावायची. तुलना किती झाल्या, हलवाहलव किती झाली ते मोजायचे. आणि हीच रीत का निवडली ते लिहायचे.

मला नवापूरकडच्या माझ्या मित्राची कार्डे आठवली.

हा मित्र तिकडचाच, कोकणी या आदिवासी समाजातला. डोंगरातल्या त्या दोन वर्षांत आम्ही एका खोलीत राहिलो होतो, एका चुलीवर भाकरी भाजल्या होत्या. मी खाली निघून आलो, तो तिथेच राहिला. एका नदीच्या काठाने चढत गेलेले तीन पाडे आणि त्यांच्यामध्ये त्याची एकशिक्षकी शाळा. सारे त्याला गुरुजी म्हणत, मीही म्हणू लागलो होतो. शाळा नवी असताना त्याने जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून दर मुलामागे एक कार्ड केले होते. त्यावर मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख. सकाळी गठ्ठा हातात घेऊन तो नदीच्या उतारापासून निघे आणि घरोघर हाका मारीत वरपर्यंत जाई. पुढे सगळी मुले त्याला तोंडपाठ झाली. तेव्हापासून तपासणीला साहेब आले तरच गठ्ठा बाहेर निघे, एरवी तो पत्र्याच्या पेटीत असे.

दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो. काय शिकतो आहेस, असे त्याने विचारले. आम्ही दोघे एकमेकांशी अहिराणीतच बोलत असू.

"मशीनले काम शिकाडानं," मी म्हणालो.

"म्हंजे पुन्याले जाईसन बी तू मास्तरच ऱ्हायना," तो म्हणाला. "आठे पोरं ऐकतस नही, तठे मशीन ऐकी का?"

"ऐकी. पन जितलं सांगं तितलंच."

"मंग ते सरकारी नोकरीमा लागी जाई," असे म्हणून तो बायकोकडे पाहून हसला आणि पेटी उघडून गठ्ठा माझ्या हाती ठेवला. कशाला हवा, कधी परत देशील, काही विचारले नाही. आमचा माणूस पुण्याला यंत्राची विद्या शिकतो, हे त्याने तिन्ही पाड्यांत सांगून ठेवले होते. येताजाता माणसे माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती मला पेलत नव्हती आणि आवडतही होती.

घरी येऊन मी ओटा झाडून कार्डे मांडली. चौऱ्याऐंशी होती. वाऱ्याने उडू नयेत म्हणून नदीतले गोटे ठेवले. वडील येऊन थोडा वेळ उभे राहिले आणि, दिवाळीचे पत्ते तर मांडलेस, जोडीदार कुठे आहे, असे विचारून निघून गेले.

जन्मतारखेप्रमाणे लावायचे मी ठरवले होते. पण कार्डे चाळली आणि मला हसू आले. प्रत्येक मूल एक जूनला जन्मलेले होते. यात नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते. आईबाप सांगणार की मोठा पूर आला त्या वर्षीचा, किंवा बिबट्याने कालवड नेली त्याच्या आदल्या वर्षीची. शिक्षक त्यावरून साल काढणार आणि तारखेच्या जागी एक जून लिहिणार, म्हणजे शाळेच्या वयाचा हिशेब सोपा जातो. मी स्वतः तिथे असताना असेच लिहीत असे. माझी स्वतःची जन्मतारीखही एक जूनच आहे. तेव्हा उरले फक्त साल. सहा सालांत चौऱ्याऐंशी मुले, म्हणजे एकेका सालात बरोबरीच्या सरासरी चौदा नोंदी.

रीती मुख्यतः दोन होत्या. एकीत प्रत्येक नवे कार्ड आधी लागलेल्या कार्डांत त्याच्या जागी खोचायचे. तिच्यात बाकीची कार्डे सारखी सरकवावी लागतात, पण बरोबरीची कार्डे आपसातला जुना क्रम सोडत नाहीत. दुसरीत उरलेल्यांतले सर्वांत लहान शोधून ते थेट उरलेल्यांतल्या पहिल्या कार्डाशी बदलायचे. तिच्यात तुलना जास्त, पण हलवाहलव फार थोडी. मात्र एक कार्ड एका उडीत ओळीच्या या टोकाहून त्या टोकाला जाते. मी दुसरी निवडली. तुलना झाल्या तीन हजार चारशे शहाऐंशी, आणि अदलाबदली ऐंशीच्याही आत. दोन दिवस लागले. प्रत्येक तुलनेला मी कागदावर एक रेघ ओढीत होतो. इतका निर्मळ आनंद मला फार थोड्या कामांनी दिला आहे.

काम चालू असताना तीन कार्डांच्या पाठीवर शाईची अक्षरे दिसली. एकावर लिहिले होते, "इथपर्यंत खालचा पाडा. मुले ३१." खाली तपासणीच्या साहेबांची सही आणि त्याच वर्षाच्या फेब्रुवारीची तारीख. दुसऱ्या दोहोंवर तसेच मधल्या आणि वरच्या पाड्याचे. मी ते वाचले. जन्मतारखेशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून कार्डे पुन्हा सुलटी केली आणि पुढे गेलो.

शेवटी मी सालवार सहा जुड्या केल्या, प्रत्येकीवर सालाची चिठ्ठी लावली आणि सगळ्यांना मिळून फीत बांधली. माझ्या लेखात एक वाक्य होते: "समान नोंदींचा आपसातील क्रम कोणताही असला तरी फरक पडत नाही." सरांनी तो लेख वर्गात दाखवला. रेघांच्या कागदाचे कौतुक केले. त्या वाक्याखाली मात्र तांबड्या शाईने ओढून बाजूला लिहिले होते, "कोणाला?" सरांचा विनोद समजून मी तो कागद वहीत ठेवून दिला.

एप्रिलच्या अखेरीस मित्राचे पोस्टकार्ड आले. सुटीला येशील तेव्हा तो गठ्ठा घेऊन ये, काम आहे, एवढेच त्यात होते. मी मे महिन्यात एका संध्याकाळी त्याच्या घरी पोहोचलो. गठ्ठा माझ्या पिशवीत होता. जेवताना त्याने काम काय ते सांगितले.

खाली गुजरातेत तापीवर धरण होणार होते आणि त्याचे पाणी या नदीतून उलटे चढत येणार होते. कुठवर येणार त्याच्या चुन्याच्या खुणा खडकांवर झाल्या होत्या. खालचा पाडा सगळा जाणार, मधला आणि वरचा राहणार. खालच्या पाड्याला दुसरीकडे एकत्र जमीन आणि घरांना जागा मिळायची होती. हिवाळ्यात मोजणीची माणसे येऊन घरे लिहून गेली होती. घर जिथे उभे दिसले तिथे त्यांनी लिहिले.

त्यात एक बाई सुटली होती. तिचा नवरा आदल्या पावसाळ्याच्या शेवटी तापाने गेला. त्यांच्यात अशा वेळी घर लाभले नाही असे मानतात. खांब, कूड, कौले उतरवून घर दुसऱ्या जागी नेतात. तिनेही दिवाळीआधी घर हलवून वरच्या पाड्याच्या कडेला उभे केले होते. दोन महिन्यांनी मोजणी झाली आणि ती वरच्या पाड्याची ठरली. तिचे शेत खाली, दीर, नणंद, आईबाप सगळे खाली. ते सगळे जाणार आणि ती दोन मुलांना घेऊन एकटी मागे राहणार. जंगलातल्या शेताला कागद नव्हता, घराला नंबर नव्हता. शाळेच्या रजिस्टरात पाड्याचे नाव नसते, फक्त गावाचे असते.

"मोजनीना साहेब भला मानूस शे," मित्र म्हणाला. "तो म्हने, घर हलवानं आगोदरनं कायबी लिखेल दाखाड, मी नाव घालस. माले एकदम कार्डं याद उनात. बाईना दोन्ही पोरं खालनी एकतीसमा शेतस. वर तपासनीना साहेबनी सही. आते कोन नही म्हनी?"

त्याच्या बायकोने माझ्या ताटात भाजी वाढली. माझा घास हातातच राहिला.

त्या वेळी मला सांगता आले असते. गठ्ठा हाताशी होता, अजून उजेड होता आणि त्याला चौऱ्याऐंशी मुले घरांच्या क्रमाने तोंडपाठ होती. मी नुसते म्हटले असते की माझ्याकडून कार्डांचा घरवार क्रम मोडला आहे, तर त्याने पटापट कार्डे जिथली तिथे लावली असती, आणि त्यात असत्य काहीच नव्हते. पण त्याने पाड्यापाड्यांत माझी एवढी कीर्ती करून ठेवली होती. त्याची बायको मला आदराने वाढत होती. मी मनात वाक्य जुळवू लागलो. अहिराणीत जुळेना म्हणून शाळेच्या मराठीत जुळवले, मग ते फार कोरडे वाटले. सकाळी सांगू, सकाळी सोपे जाईल, असे ठरवून मी पाणी प्यायलो.

मोजणीचे साहेब दुपारी यायचे होते, ते सकाळीच आले. मी नदीवरून आंघोळ करून परत आलो तेव्हा शाळेच्या ओसरीवर ते बसलेही होते, त्यांच्याबरोबर एक शिपाई होता, आणि खांबाला टेकून ती बाई उभी होती. मी तिला प्रथमच पाहिले. तिशीच्या आतली असावी. मित्र घाईने माझ्याकडे आला, "आन, आन ते," म्हणाला, पिशवीतून त्याने स्वतःच गठ्ठा काढून घेतला आणि ओसरीवर गेला. मी त्याच्या मागे गेलो.  

साहेबांनी फीत सोडली. सहा जुड्या निघाल्या.

"ही सालांची चिठ्ठी कसली?" त्यांनी विचारले.

मित्राने जुड्यांकडे पाहिले. त्याने एक जुडी उलगडली, दुसरी उलगडली. मग त्याची नजर एकदा माझ्याकडे आली आणि लगेच परत गेली. साहेबांशी तो नेहमी शाळेच्या मराठीत बोले. त्याच स्वच्छ मराठीत तो म्हणाला, "मीच लावली, साहेब. दाखले काढायला सोपे जावे म्हणून."

साहेबांनी शोधून सहीचे कार्ड काढले. मागची अक्षरे वाचली. तसेच बोट त्यावर ठेवून ते म्हणाले, "'इथपर्यंत खालचा पाडा.' गुरुजी, इथपर्यंत म्हणजे कुठपर्यंत?"

"आत्ता लावून देतो, साहेब. मला पाठ आहेत." मित्र खाली बसून कार्डे मांडू लागला. त्याचे हात भराभर चालले होते.

"नको," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "आता माझ्यासमोर लावलेला क्रम कसा धरू? गुरुजी, तुमच्या तोंडावर माझा विश्वास आहे. पण माझ्या वरच्या साहेबांना तोंड दिसत नाही, कागद दिसतो."

मी पाहत होतो आणि मला आणखी एक गोष्ट दिसली, ती तिथे माझ्याशिवाय कुणालाच दिसणे शक्य नव्हते. सहीचे कार्ड ज्या मुलाचे, त्याचे आणि त्या बाईच्या थोरल्या मुलीचे साल एकच होते. म्हणजे दोन्ही कार्डे एकाच जुडीत होती. सहीचे वर होते आणि मुलीचे त्याच्या खूप खाली गेले होते. मी खोचण्याची पहिली रीत वापरली असती तर बरोबरीच्या कार्डांचा जुना क्रम टिकला असता. बाकीची सगळी मांडणी बिघडली असती तरी या एका जुडीत मुलीचे कार्ड सहीच्या वर राहिले असते, आणि "इथपर्यंत" या शब्दाला तेवढ्यापुरता अर्थ उरला असता. थोडी हलवाहलव वाचावी म्हणून मी दुसरी रीत निवडली होती.

हे सगळे मला एका क्षणात, अगदी सरांच्या चौकटींसारखे स्वच्छ, समजले. तेव्हाही मी बोललो नाही. साहेबांनी एका कागदावर दोन ओळी लिहिल्या, शिपायाने शाईची बाटली बंद केली आणि ते उठले.

बाईने मित्राला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारले. त्याने थोडक्यात उत्तर दिले.  डोक्यावरचा पदर तिने कपाळावर ओढून घेतला आणि उन्हातून वरच्या वाटेने गेली.

मित्र ओसरीवर बसून कार्डे गोळा करीत राहिला. मी म्हणालो, "तू आपला अंगवर काबर लिधं?"

"मंग काय सांगू? पुन्याना इद्वाननी घोळ करा?" तो म्हणाला. हसण्याचा प्रयत्न त्याने केला, तो जमला नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "काल जेवताना तुन्हा घास हातमाच ऱ्हायना. माले वाटनं, भाजी तिखट व्हयनी."

याच्यापुढे तो त्याविषयी कधीच बोलला नाही. रागावला असता तर मला बरे वाटले असते. मी निघालो तेव्हा नेहमीप्रमाणे तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला आणि गाडी येईपर्यंत पावसाच्या, शाळेच्या छपराच्या गोष्टी करीत उभा राहिला.

पुण्याला गेल्यावर मी मोजणीच्या कचेरीला अर्ज लिहिला. घडले ते सगळे त्यात होते, दोन्ही रीतींचे वर्णनसुद्धा होते; चार वेळा लिहून काढला, कारण प्रत्येक वेळी माझा दोष मी नकळत थोडा सौम्य केलेला आढळे. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आले की प्रकरण निकाली निघाले आहे. त्या पेपरात मला वर्गातले सर्वांत जास्त गुण मिळाले होते. सरांनी नाव घेऊन अभिनंदन केले. 'काका' म्हणणाऱ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. ते गुण मी घरी सांगितले नाहीत.

पुढच्या वर्षी पिके निघाल्यावर खालचा पाडा गेला. घरांचे खांब, कौले, जाती, कोंबड्या सगळे बरोबर नेले. मुलांचा तिसरा हिस्सा कमी झाला म्हणून शाळा बंद झाली आणि मित्राची बदली त्या नव्या वसाहतीत झाली. त्याने ते पत्राने कळवले. बाईविषयी पत्रात काही नव्हते. मीच विचारले, तेव्हा उत्तर आले, "वरच आहे."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी एकटाच तिकडे गेलो. तिला सांगायचे असे ठरवूनच निघालो होतो. डोंगरातल्या दोन वर्षांत शिकलेली मोडकीतोडकी कोकणी बोली मी वाटेत घोकत होतो. पाणी अजून आलेले नव्हते. खालचा पाडा होता तिथे फक्त जोती राहिली होती आणि खांबांची भोके. नदीच्या उतारापासून मी वर चढलो. एकतीस मुलांची घरे कुठून कुठवर होती हे आता कार्डांवाचूनही दिसत होते. जिथपर्यंत घरे नव्हती तिथपर्यंत.

तिचे घर पाड्याच्या कडेला एकटेच होते. मी अंगणात उभा राहिलो. ती बाहेर आली, तिने माझे धोतर, टोपी, खांद्यावरची पिशवी पाहिली. तिने मला ओळखले नाही. घाईने आत जाऊन तिने खाट आणून टाकली, पाणी दिले, आणि मी पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच बाजारात शिकलेल्या अहिराणीत विचारले, "लिखाले उना का, भाऊ?"

मी उत्तर देण्याआधीच ती सांगू लागली. नवऱ्याचे नाव सांगितले आणि थांबली. आपले नाव सांगितले, थांबली. थोरल्या मुलीचे सांगितले, धाकट्याचे सांगितले. मग एक गाय, मग शेत खाली कुठे होते ते, कुठल्या झाडापासून कुठल्या ओहळापर्यंत. प्रत्येक नावानंतर ती थांबत होती, लिहिणाऱ्या हाताला वेळ मिळावा म्हणून. तिला ते सांगण्याची सवय झालेली होती.

घोकलेले एकही वाक्य मला आठवेना. तिने माझ्या हाताकडे पाहिले. त्यात काहीच नव्हते.

"नही," मी म्हणालो. तिच्या भाषेतला आणि माझ्या भाषेतला तेवढाच एक शब्द मला त्या वेळी सापडला.

ती जराही रागावली नाही. पेला उचलून तिने विचारले, "मंग कव्हय?"

मी पिशवी खांद्याला लावून उठलो आणि, येतील लोक केव्हातरी, असे काहीतरी पुटपुटलो. त्यानंतर मी तिकडे गेलो नाही.